आमच्याकडे वाजतो

"बंद कर ना यार," लॅपटॉपच्या पडद्यावरून नीलेश म्हणाला. "तीन वर्षं जुनी तक्रार आहे. आपल्याकडे अलार्म वाजतो. विषय संपला."

अक्षताने बटणावरचं बोट काढून घेतलं. दहिसरच्या घरात रविवारची दुपार होती. आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं हे अ‍ॅप पाच-सहा जणांनी हौसेने चालवलेलं. वापरायला फुकट, आणि कोडही सगळ्यांना उघडा. ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा. नवी आवृत्ती निघण्याआधी साचलेल्या तक्रारी निपटायचं काम अक्षताने मागून घेतलं होतं. सकाळपासून बऱ्याच बंद झाल्या. ही एक अडली.

माहुलच्या कृणालने लिहिलं होतं, 'ओहोटीचा अलार्म वाजला नाही. बाबांची होडी खाडीच्या गाळात रुतली.' त्याखाली नीलेशचं उत्तर, 'आमच्याकडे वाजतो.' पुढे कुणीच काही लिहिलं नव्हतं.

"त्याने परत विचारलं नाही, म्हणजे सुटलं असेल त्याचं."

"किंवा आपला नाद सोडला असेल."

"तू ना, मेलेल्या प्रत्येक तक्रारीचं तेरावं घालणार."

"घालते. आधी मेलीय का ते तर बघू दे."

तिने लिहिलं, 'कृणाल, उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. अलार्म अजून वाजत नाही का? बाबा होडीवर फोन कुठे ठेवतात?'

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. 'आता कुठेच ठेवत नाहीत, ताई. फोन घरीच असतो. ऐन वेळेला गप्प बसणारी वस्तू सोबत कशाला, म्हणतात. ते येईपर्यंत आई दारातून हलत नाही. तेव्हा फोन डब्यात असायचा. स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या. पाणी लागू नये म्हणून.'

अक्षताने ते दोनदा वाचलं. त्यांच्यापैकी प्रत्येकाने अलार्म तपासला होता, तो फोन टेबलावर ठेवून.

तिने फोनवर पाच मिनिटांनंतरचा चाचणीचा अलार्म लावला, स्वयंपाकघरात गेली आणि चकल्यांचा डबा ताटात रिकामा केला.

"आता त्यात काय भरतेयस?" आईने विचारलं.

"फोन."

"मग झाकण घट्ट लाव. सादळेल."

अलार्मची वेळ झाली. वेळ टळूनही गेली. डबा गप्पच. अक्षताने झाकण उघडलं, तर फोनवर एक चक्र गरगरत होतं आणि खाली अक्षरं होती, 'तुमची जागा शोधत आहे'. वाजण्याआधी अ‍ॅप स्वतःची जागा विचारून घेत होतं. डब्याच्या आत त्याला उत्तर मिळत नव्हतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ते वाजणार नव्हतं.

तिने फोन कॅमेऱ्यासमोर धरला. नीलेशने पडद्याजवळ येऊन ती अक्षरं वाचली.

"तो भाग मी लिहिलाय," तो म्हणाला. "त्या माणसाची वाट लावली मी."

"मग आता नीट लिही. जागा नाही सापडली, तर शेवटची माहीत असलेली धरायची."

"आणि होडी लांब गेली असेल तर?"

"खाडीतली होडी आहे रे. नाशिकला नाही जाणार."

दिवेलागणीला डबा पहिल्यांदा वाजला. झाकणासकट थरथरत असा वाजला, की आईने हातातला कुकर खाली ठेवला.

दुरुस्त केलेली आवृत्ती कृणालला गेली. दोन दिवस त्याच्याकडून काहीच आलं नाही. बुधवारी सकाळी निरोप आला, 'बाबा नकोच म्हणत होते. आईने फोन डब्यात घालून हातात दिला. नेलाय. परत आले की कळवतो.'

दुपारी नीलेशने विचारलं, 'दुरुस्ती झाली ना? मग ती तक्रार अजून उघडी का? करू का बंद?'

अक्षता ऑफिसात जेवत होती. तिने डाव्या हाताने उत्तर लिहिलं.

'थांब. कृणालचे बाबा अजून पाण्यावर आहेत. येऊ देत.'