चेहऱ्याची किल्ली

"उघडणार नाही, आजी. आधीच सांगतो, मागून वाईट वाटून घेऊ नका," इंजिनिअर म्हणाला आणि कॅमेरा पुन्हा एकदा पुसू लागला. तो मघापासून तेच करत होता.

"अहो, माझ्या जुळ्या मुली जन्मल्या तेव्हा मलासुद्धा एकीच्या मनगटाला दोरा बांधून ठेवावा लागला," आजी म्हणाल्या. "तुमचं यंत्र काय ओळखणार?"

आजींच्या शेजारी त्यांची थोरली मुलगी बसली होती, मांडीवर तीन वर्षांची ठकी. धाकटी, म्हणजे थोरलीची जुळी बहीण, चित्रकार होती. गेल्या वर्षी दोघी एकाच गाडीतून चालल्या होत्या. वळणावर गाडी उलटली आणि एकटी थोरली घरी परतली.

इंजिनिअरची कंपनी दोन खोल्यांचीच, पण उड्या मोठ्या. चित्रकारांनी आपली चित्रं त्यांच्या वेबसाइटवर ठेवायची, ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकदमच लिहिल्या जाणाऱ्या वहीत, नोंद झाली की ती ना कुणाला पुसता येत, ना चोरता. प्रत्येकाचं एक वॉलेट, म्हणजे आपल्या चित्रांची कुलूपबंद डिजिटल तिजोरी. ते उघडायला पूर्वी बारा शब्द ओळीनं लक्षात ठेवावे लागत. चित्रकार मंडळी कपाळावर चष्मा असताना घरभर चष्मा शोधणारी. त्यांच्या लक्षात बारा शब्द कसले राहतात? वॉलेटं कायमची बंद पडू लागली. मग इंजिनिअरनं रात्रीचा दिवस करून नवी सोय जोडली. कॅमेऱ्यासमोर बसायचं, हसायचं, वॉलेट उघडतं. नुसता चेहरा नाही, हसताना तो कसा हलतो तेही यंत्र बघायचं.

पहिल्या चाचणीच्या वेळी धाकटीनं घरूनच आपला चेहरा नोंदवला होता. तिचं शेवटचं चित्र त्या वॉलेटमध्ये अडकलं होतं आणि आजींना ते एकदा डोळे भरून बघायचं होतं.

कंपनीच्या संचालिका बाईंना मात्र निराळी धास्ती होती. "जुळ्यांना फसलं तर ही सोय काढून टाकायची," त्यांनी बजावलं होतं. "लोकांची आयुष्यभराची कमाई आहे ती." आधी दोन जुळ्या जोड्या येऊन गेल्या होत्या. यंत्रानं एकालाही दुसऱ्याच्या वॉलेटला हात लावू दिला नव्हता, आणि तेव्हापासून इंजिनिअर येईल त्याला ते सांगत जरा हवेतच चालत होता. ही शेवटची चाचणी.

"मी नाही बसत," थोरली म्हणाली. "उगाच कशाला?"

"एकदाच गं. माझ्यासाठी."

थोरलीनं पडद्याकडे बघत विषय बदलला. "ते बटण असं का केलंय? हिरव्यात निळं जास्त झालंय."

"हिरवंच आहे की," इंजिनिअर म्हणाला.

"बघा," आजी म्हणाल्या, "बहीण गेल्यापासून हीसुद्धा तिच्यासारखंच बोलते. आधी हिला हिशेबाशिवाय काही सुचायचं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दवाखान्यात हिच्या डोक्याला या एवढ्या पट्ट्या. माझी तर मतीच गुंग झाली होती. ठकीनं दारातूनच ओळखलं हो. 'आई' म्हणून जी गळ्यात पडली, ती मिठी अजून सोडलेली नाही. बाप तर पोरीच्या जन्माआधीच गेला."

थोरली उठली. ठकीला आजींकडे देऊन ती कॅमेऱ्यासमोर बसली.

"हसा," इंजिनिअर म्हणाला.

तिला हसू येईना. सांगून का कुठे हसू येतं? तेवढ्यात ठकीनं आजींचा चष्मा काढून उलटा आपल्या नाकावर चढवला, आणि थोरलीला खुदकन हसू फुटलं.

वॉलेट उघडलं.

पडद्यावर चित्र आलं. खिडकीशी बसलेली एक बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं बाळ. बस, एवढंच. पण त्या खिडकीतून आत येणारा उजेड असा होता, की खोलीतला दिवा नकोसा वाटावा. बाळाच्या बंद पापण्यांवर तो इतका हळू उतरला होता, की कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेईना. संचालिका बाई नकळत उठून उभ्या राहिल्या. इंजिनिअरची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात गेली होती, पण त्या क्षणी त्यालाही तिचं भान नव्हतं.

"अगं, ही तर तू!" आजींचे डोळे वाहत होते. "किती हुबेहूब काढलंय तुला! बघ तरी!"

थोरलीनं एकदाच बघितलं.

ठकी चित्राकडे बोट करून म्हणाली, "आई."

"हो," थोरली म्हणाली. "आई." आणि ठकीला उचलून घेऊन तिनं तिच्या केसांत तोंड लपवलं.

सगळे भानावर आल्यावर संचालिका बाई इंजिनिअरजवळ गेल्या. "वाईट वाटतंय मला, खरंच. पण उद्या सकाळी काढून टाका."

त्यानं यंत्राच्या नोंदी उघडल्या. यंत्र क्षणभर अडखळलं असतं, शंका दाखवली असती, तरी त्यानं वाद घातला असता. पण त्यानं पुन्हा पुन्हा तपासून बघितलं, आणि शंकेची कुठे खूणही नव्हती. आजींनी जाताना त्याचे हात हातात घेऊन त्याला तोंडभर आशीर्वाद दिले. त्याला ते घेताना लाज वाटली.

तो कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होता, तेव्हा थोरली परत आली. ठकीची टोपी खुर्चीवर राहिली होती.

"तुमचं नुकसान झालं ना, आमच्यामुळे?" तिनं विचारलं.

"तुमचा काय दोष? यंत्रच चुकलं."

जिन्यावरून ठकीची हाक आली, "आई, चल ना!"

"आले गं, राणी," ती म्हणाली. दारापर्यंत गेली, टोपी छातीशी धरून थांबली आणि मागे वळली.

"काढून टाकू नका ते," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दोन जोड्यांच्या वेळी ते चुकलं नव्हतं, आणि आजही चुकलेलं नाही."