नळीतला धागा

"बोल, कुणाचं आहे हे?" प्रयोगशाळेच्या दारातूनच द्वारकाबाईंनी सुनेला दरडावलं. सुनेच्या हातात काचेची वाकडी नळी होती आणि नळीतल्या पाण्यात म्हणे डीएनए होता. त्या डीएनएपायी घरंच्या घरं फुटताना द्वारकाबाईंनी टीव्हीवरच्या मालिकांत पाहिली होती. आपला मुलगा शिरीष दत्तक आहे, हे त्यांनी त्याला आजवर कळू दिलं नव्हतं. आणि ही शिकलेली बया नेमकं तेच उकरायला बसली होती!

"माशाचं आहे, आई," सून हसली. "डीएनएचा धागा लांब असला की पाणी दाट होतं, नळीतून सावकाश उतरतं. तुकडे झाले की भराभर उतरतं. त्यावरून धाग्याची लांबी कळते, आकार कळतो."

"आणि कुणाचा कोण, ते?"

"ते यात नाही कळत."

"खोटं बोललीस तर जीभ हासडून हातात देईन!"

सुनेनं नळी खाली ठेवली. "आई, दत्तकाचं मला लग्नाआधीच ठाऊक आहे. शिरीषनंच सांगितलं. त्याला कॉलेजात असतानाच कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही."

द्वारकाबाई स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "आणि तरी ते गाढव माझ्या एवढ्या शिव्या मुकाट्यानं खातं?"