अठरा नंबर

पिरॅमिडच्या पोटातल्या अरुंद बोळात दिवे गेले, तशी टूर लीडर निनादने नेहमीची हाक दिली, "मंडळी, नंबर बोला!"

अंधारातून एकेक आवाज येऊ लागला. "सोळा." मग केळुसकर काकू म्हणाल्या, "सतरा." अठरा नंबर काकांचा. बुकिंग दोघांचं होतं. काका महिन्यापूर्वी वारले, काकू एकट्याच आल्या. त्यामुळे रोज सतरानंतर थेट एकोणीस यायचा.

आज मागून खाकरत कुणीतरी म्हणालं, "अठरा."

निनादच्या अंगावर सर्रकन काटा आला. काकू मात्र घरच्यासारख्या लगबगीने म्हणाल्या, "अहो, थांबा, आलेच!"

दिवे आले. निनादने सगळ्यांना घाईघाईने बाहेर उन्हात काढलं आणि पुन्हा नंबर बोलायला लावले.

सोळानंतर एकदम एकोणीस आला.