दोन लाईनबॅकर, एक जागा

“नुसती टॅकल मोजून माणूस मोठा ठरत नाही, मार्व,” वेंडेल हॉगन म्हणाला. “कर्टिस मैदानात उतरला की समोरचा संघ आपली चालच बदलायचा. ते कुठल्या आकड्यात दाखवशील?”

“आकडे कमी पडले की लोक असंच बोलतात,” मार्व पेट्रोस्की खुर्चीत मागे रेलला. खोलीत हशा पिकला.

वेंडेल हसला नाही.

ओहायोतल्या त्या हॉटेलात सकाळपासून अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीची, निवड समिती बसली होती. बाहेर बर्फ पडत होतं. जुन्या खेळाडूंसाठी यंदा एकच जागा उरली होती आणि नावं दोन: कर्टिस लाफोर आणि डूएन विटेक. दोघेही पोर्ट हॅलम संघाचे लाईनबॅकर. बचावाच्या दुसऱ्या फळीत वर्षानुवर्षं शेजारी शेजारी उभे राहिलेले. चेंडू घेऊन पळणाऱ्याला एकानं अडवायचं, दुसऱ्यानं टॅकल करून आडवं करायचं. निवृत्त होऊन जमाना लोटला होता आणि आता त्यातल्या एकालाच आत घ्यायचं होतं.

समितीत सगळे खेळावर लिहिणारे पत्रकार. कर्टिसची बाजू मांडायचं काम वेंडेलकडे होतं, डूएनची मार्वकडे. वेंडेल आणि कर्टिसची दोस्ती साऱ्यांना ठाऊक होती. मोसम संपला की दोघं तळ्यावर मासे धरायला जायचे आणि परत येऊन कुणाचा मासा मोठा यावरून भांडायचे.

आज मात्र वेंडेलचं काहीतरी बिनसलं होतं. तो उशिरा आला, नाश्त्याला हात लावला नाही. “गाडी सुरू होईना,” एवढंच म्हणाला. पण एकदा बोलायला उभा राहिला तो थांबेचना. कर्टिस मोडलेल्या अंगठ्यानिशी अंतिम सामना कसा खेळला ते त्यानं सांगितलं. डूएन जखमी होऊन बाहेर बसला, त्या मोसमात कर्टिसनं दोन माणसांचं काम एकट्यानं कसं ओढलं, तेही सांगितलं. अध्यक्ष नॉर्मा एश्बीनं दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं.

“अरे, श्वास तरी घे,” मार्व म्हणाला. “तुझा कर्टिस मैदानापेक्षा टीव्हीवरच जास्त दिसायचा.”

“आणि तुझा डूएन चुकला की मागून कोण धावायचं? तुझ्या आकड्यांत कर्टिसची निम्मी मेहनत डूएनच्या नावावर जमा आहे.”

“चिडलास की काय?”

“हो. चिडलोय.”

“पुरे झालं दोघांचं,” नॉर्मा म्हणाली. “मार्व, तुला काही शेवटचं सांगायचंय?”

मार्वनं समोरचे कागद बाजूला सारले. त्याचा आवाज खाली आला.

“परवा मी डूएनकडे गेलो होतो. त्यानं दार उघडलं आणि मला विचारलं, नळ दुरुस्त करायला आलात का? माझे केस काळे होते तेव्हापासून मी त्याला ओळखतो. इतकी वर्षं डोक्यानं टकरा घेतल्या, त्याचं हे फळ. त्याच्या बायकोनं, बर्नाडीननं, स्वयंपाकघरात जिकडेतिकडे चिठ्ठ्या चिकटवल्यात. कप इथे. साखर इथे. एखादा दिवस बरा जातो. पुढच्या वर्षी निवडून आपण त्याला हॉल ऑफ फेमचा मानाचा कोट चढवला, तर कशासाठी चढवताहेत हे त्याला कळणार नाही.”

“इथं खेळ मोजायचा असतो,” वेंडेल म्हणाला. “दयेनं दिलेलं मत मला कुणासाठीच नको.”

“कबूल. पण खेळात दोघं तोडीस तोड होते, हे तूही मनातून जाणतोस. म्हणूनच सांगतो. कर्टिस धडधाकट आहे, डोकं शाबूत आहे. तो वर्षभर थांबू शकतो, वेंडेल. डूएन नाही थांबू शकत.”

वेंडेलनं तोंड उघडलं. वाद तिथल्या तिथे मिटवील असं एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं टेबलाभोवतीच्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग पाण्याचा ग्लास उचलला आणि घोटासरशी ते वाक्यही गिळलं.

“हो,” तो म्हणाला. “कर्टिस थांबू शकतो.”

नॉर्मानं हात वर करायला सांगितले. आधी कर्टिससाठी. ती मोजता मोजता थबकली.

“वेंडेल, मी कर्टिसचं विचारतेय.”

“ऐकलं मी.”

मग डूएनसाठी हात वर झाले आणि त्यांत वेंडेलचाही हात होता. डूएन एका मतानं निवडून आला.

नॉर्मानं लगेच डूएनच्या घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. बर्नाडीनला रडू आवरेना. मग पलीकडून एक जाड, संथ आवाज आला.

“कोण? मला घेतलं?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “आणि कर्टिस कुठाय? तो माझ्या उजवीकडे असतो.”

“त्याचं पुढच्या वर्षी बघू, डूएन,” नॉर्मा म्हणाली.

“बरं. त्याला सांगा, मी आत जाऊन जागा धरून ठेवतो.”

फोन बंद झाला. कुणीतरी नाक शिंकरलं. नॉर्मानं फोन वेंडेलपुढे सरकवला.

“आता कर्टिसला तूच सांग. तुझ्याकडून ऐकलं तर त्याला कमी लागेल.”

वेंडेलनं फोनला हात लावला नाही.

“तो उचलणार नाही.”

“इतका रागावेल?” मार्वनं विचारलं.

“नाही,” वेंडेल म्हणाला. “कर्टिस आज पहाटे वारला, मार्व.”