बाटलीतला भूमिपुत्र

बजरंगतात्यांच्या अंगाखालची बर्फाची लादी दुपारीच वितळली. तिचं पाणी दिवाणखान्यातल्या इटालियन मार्बलवरून सोफ्याखाली गेलं, तरी हार घालायला येणाऱ्या मंत्रीसाहेबांचा पत्ता नव्हता.

"साई, उचला आता," तुळजाबाई म्हणाल्या. "सरण सकाळधरनं रचून ठेवलंय. दिस बुडायच्या आत न्यायला पायजे त्यांना."

"निघालेत साहेब, आई. खडकीपर्यंत आलेत."

"मघाशी बी खडकीतच व्हते."

साईनाथ फोन कानाला लावून पोर्चमध्ये गेला.

तात्या पहाटे गेले. मयत उचलल्याशिवाय घरात चूल पेटत नाही, म्हणून बाणेरची सगळी भावकी अंगणात उपाशी बसून होती. तुळजाबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मे महिना, त्यात लोडशेडिंग. दुपारी शहरातून टेम्पोत घालून थंड काचेची पेटी आली होती, ती साईनाथने फाटकातूनच परत पाठवली. काचेवर फ्लॅश चमकतो, साहेबांचा हार घालतानाचा फोटो नीट येणार नाही, असं फोटोग्राफर म्हणाला होता. बाप समोर पडलेला असताना ज्याला फोटोग्राफरचं म्हणणं पटतं, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग वास सुटला.

आधी माश्या आल्या. बायकांनी पदर नाकाशी नेले. अंगणातली माणसं तंबाखू मळायच्या निमित्ताने एकेक करून फाटकाकडे सरकली.

मुंबईची फॅशन डिझायनर नीरजा कोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र साडीत उभी होती. ती आली होती दुसऱ्या दिवशीच्या उद्घाटनाला. तात्यांच्या वावरात साईनाथने बावीस मजली टॉवर उभा केला होता, नाव 'भूमिपुत्र'. फ्लॅटच्या चावीबरोबर प्रत्येक मालकाला एक परफ्यूम मिळणार होता, त्याचंही नाव 'भूमिपुत्र'. तो नीरजाने साईनाथसाठी खास तयार करवून घेतला होता. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी ती तात्यांच्या गोठ्यात उभी राहिली होती, त्यांची घामाने भिजलेली बंडी तिने नाकाशी धरली होती आणि "ओ माय गॉड, किती रॉ!" म्हणाली होती. आता खोक्यावर तात्यांच्या पागोट्याचं चित्र होतं आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : माती, गवत, तंबाखू, कष्ट.

तात्यांनी तो एकदाच हुंगला होता. "गोठ्याचाच वास पायजे व्हता, तर गोठा पाडला कशाला?" असं म्हणून त्यांनी हात धोतराला पुसला होता. सगळे हसले होते.

नीरजा साईनाथजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साईनाथ, इट्स गेटिंग टू मच. साहेब येतील आता. बाटल्या आहेत ना आपल्याकडे? मार ना थोडा. अंकलना आवडलंच असतं."

साईनाथ क्षणभर थांबला. एवढं मात्र खरं, की तो थांबला. मग त्याने खोकं फोडलं. हारांवर मारला, धोतरावर मारला, छातीवर मारला.

"नको रे," तुळजाबाई म्हणाल्या. साईनाथ फाटकाकडे बघत होता.

वास गेला नाहीच. त्याच्यावर गोडसर थर चढला आणि दोन्ही मिळून असं काही झालं की भावकीतली एक म्हातारी तोंड दाबून धावली आणि बाहेर कुंड्यांपाशी ओकली. तुळजाबाई तात्यांच्या धोतराचा काठ मुठीत धरून तशाच बसून राहिल्या.

शेवटी गाड्या आल्या. साहेबांनी हार घातला, हात जोडले, फ्लॅश उडाले. एकाचा फोटो हलला म्हणून साहेबांनी हार उचलून पुन्हा घातला. मग सरळ होताना त्यांनी नाक वर केलं.

"साईनाथराव, सुवास कसला हो हा? छान आहे."

"तात्यांचाच आहे, साहेब," साईनाथ म्हणाला. "उद्या लाँच करतोय."

नीरजाने लगेच नवं खोकं पुढे केलं. साहेबांनी मनगटावर मारून पाहिला, खोकं पीएच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कार्यक्रम रद्द करू नका. मी येतोच. तात्यांची तीच इच्छा असणार."

गाड्यांची धूळ खाली बसली तेव्हा अंधार पडला होता.

"आता सकाळीच न्यायचं," भावकीतला एक जाणता म्हणाला आणि चपला घालून घरी गेला. त्याच्यामागे आणखी चौघे उठले.

साईनाथने फोन लावला. "ती काचेची पेटी पाठवा हो परत. हो, आता चालेल." फोन खिशात टाकून तो बाटली घेऊन आत आला आणि तात्यांवर वाकला.

तुळजाबाईंनी हात पुढे केला. आईला स्वतःच्या हाताने मारायचा असेल, असं वाटून त्याने बाटली दिली. त्यांनी दाबायचं कुठे ते चाचपून पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पोराच्या मानेवर फवारा मारला. मग शर्टावर. मग दोन्ही हातांवर. तो मागे सरकला, त्या पुढे सरकल्या. बाटलीतलं उरलंसुरलं संपेपर्यंत मारत राहिल्या. भावकी बघत होती.

मग त्यांनी त्याच्या छातीजवळ नाक नेलं. लहानपणी तो अंघोळ केली म्हणून खोटं सांगायचा, तेव्हा न्यायच्या तसं.

दिवसभरात पहिल्यांदाच तुळजाबाईंनी पदर नाकाला लावला.

"अजून येतोच हाय," त्या म्हणाल्या.