ती काय म्हणाली?

मेडिकलवाल्याने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि थेट मुलीकडे बघून हात हलवले.

वडील काउंटरवर कोपर टेकून उभे होते. मुलगी जन्मापासून बहिरी. दुकानात, दवाखान्यात, बँकेत तिच्या वतीने आजवर तेच बोलत आले होते. ते विमा एजंट. भिंतीलाही बोलतं करतील अशी त्यांची ख्याती.

मुलीचा चेहरा उजळला. तिने हातांनीच उत्तर दिलं. मेडिकलवाला हसला.

“ताईंचेच व्हिडिओ बघून शिकलो,” तो वडिलांना म्हणाला. “माझ्याकडे बहिरी गिऱ्हाइकं येतात. पूर्वी नुसते हातवारे करत बसायचो. काय सुरेख समजावते हो तुमची मुलगी.”

वडील सुखावले. मुलीचा खुणांची भाषा शिकवणारा व्हिडिओ ब्लॉग हा त्यांचा बढाई मारायचा हक्काचा विषय. नवा धडा आला की ते लगेच लाइकचा अंगठा उमटवत आणि नातेवाइकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना पाठवून देत. ‘माझी लेक जगाला शिकवते’ असं सोबत लिहीत. उघडून बघायचं मात्र राहून जायचं. तशी अडचणही कधी आली नव्हती. मुलगी मोबाइलवर टाइप करून दाखवी, नाहीतर तिची आई होतीच मध्ये.

मेडिकलवाल्याने गोळ्यांचं पाकीट पुढे धरून खुणेनेच काहीतरी विचारलं. आता मुलीचे हात भरभर चालू लागले.

“हे नाही झेपलं मला,” तो म्हणाला. “काका, ती काय म्हणाली?”

मुलगी वडिलांकडे वळली. तिने तेच पुन्हा केलं, या खेपेला सावकाश. बोटं दंडावरून फिरली, गळ्याशी जाऊन थांबली. वडील बघत राहिले. मागे लोक खोळंबले होते. सख्ख्या बापाला कळत नाही, हे चारचौघांत कसं सांगायचं?

“चालेल म्हणतेय. द्या तीच गोळी.”

मुलीला ओठ वाचता यायचे. तिचे हात खाली आले. क्षणभर ती वडिलांकडे बघत राहिली, मग तिने मोबाइलवर टाइप करून तो मेडिकलवाल्यासमोर धरला.

त्याने वाचलं आणि पाकीट मागे घेतलं. “या गोळीने ताईंच्या अंगावर गांधी उठतात. मागच्या वेळी घसाही सुजला होता. डॉक्टरांना फोन करून दुसरी विचारतो.”

एवढं बोलून तो फोनकडे वळला. वडिलांकडे बघायचं त्याने टाळलं. रागावला असता तरी परवडलं असतं.

घरी जाताना मुलगी नेहमीसारखीच शेजारून चालत होती. वडिलांनी दोनदा मोबाइल बाहेर काढला. काय लिहावं ते सुचेना. तो त्यांनी परत खिशात टाकला.

बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगी आपल्या खोलीत गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, स्वतःच्या खोट्यासकट.

“तिचा घसा सुजला होता, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“तिने सांगितलं होतं,” बायको म्हणाली. “तुमच्यासमोर बसून सांगितलं होतं.”

त्यांनी ढिगातला एक टॉवेल उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, “मला शिकायचंय. या वयात जमेल का?”

“मला जमलंच ना? अहो, तिचे धडे आहेत की. पहिल्यापासून बघा.”

ते बाल्कनीत जाऊन बसले. मोबाइलवर बोट सरकवत सरकवत अगदी तळाशी गेले. सर्वांत जुन्या व्हिडिओत मुलगी शाळेच्या गणवेशात होती, सरळ कॅमेऱ्यात बघत. एकेक खूण ती थांबून, दोन-दोनदा करून दाखवत होती आणि खाली तिचा अर्थ उमटत होता.

पहिल्या धड्यात एवढेच शब्द होते: बाबा. बसा ना. बोलूया.