पंधरा दिवस ओरडणं बंद

डॉक्टरबाईंनी काकूंच्या गळ्यावर बोटं दाबली, तशी कातडीखाली हवा कुरकुरली. एक्स-रे उजेडात धरून त्या म्हणाल्या, "फुफ्फुसातली हवा निसटून छातीच्या मधल्या पोकळीत, हृदयाभोवती शिरलीय. खूप खोकलात का? की ओरडलात?"

"ओरडतेच की रोज!" काकूंनी दारापाशी पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं झाली, हे ठार बहिरे झालेत. जेवायला हाक मारली की शेजारीपाजारी उठतील, हे नाही. काल गॅसवर दूध उतू जात होतं आणि हे शेजारीच बसलेले. मला गच्चीवर वास आला, तिथूनच बोंबलले, बोंबलले, आणि छातीत कळच आली."

"हवा आपोआप जिरेल. आजची रात्र इथेच ऑक्सिजनवर राहा. पण पंधरा दिवस ओरडणं बंद."

काकूंना हसू आलं. "म्हणजे पंधरा दिवस आमचा अबोलाच!"

डॉक्टरबाई पाठमोऱ्या झाल्या आणि नर्सच्या कानाशी पुटपुटल्या, "कुठलं औषध सोसत नाही का, ते विचारायचं राहिलं बघ."

"सल्फाच्या गोळ्या नका देऊ तिला," पेपरमागून आवाज आला. "अंगभर पुरळ उठतं."

काकूंना दोन वर्षांतली एकेक हाक आठवत गेली. मग त्यांनी नर्सच्या हातातून ऑक्सिजनचा मास्क घेतला आणि आपल्याच हातांनी तोंडावर घट्ट बांधून घेतला.